बाय रन

मार्चचा दुसरा रविवार मी दिवाळीतच धरून ठेवला होता,
नव्या कॅलेंडरवर, लाल गोल काढून.
नंतर चष्मा लावून पाहिलं, तर त्याच चौकोनात रंगपंचमी.
अर्धी पोरं जुन्या नाशकातली,
आणि रहाड सोडून शर्यतीला ये, असं सांगायची
माझी छाती नाही.

पुढच्या रविवारी ॲम्ब्युलन्स मोकळी नव्हती.
त्याच्या पुढचा ठरवला, फ्लेक्स छापला,
आणि कोल्हापूरकरांनी नेमका तोच जाहीर केला.
फोन केला. म्हणाले, आमचं आधीच ठरलेलं.
मी म्हटलं, आमचं त्याच्या आधी.
जळगावचं तर दोघांनाही माहीत नव्हतं.
ते शुक्रवारी कळलं.

सिन्नरच्या पुढे, मुसळगावच्या एमआयडीसीत
एक रस्ता आहे, ज्याच्यावर अजून एकही कारखाना आलेला नाही.
पहाटे झाडला. चारशे दोन मीटर टेपनं मोजले,
मधोमध चुन्याची रेघ.
मंडपवाल्याला चारशे खुर्च्या सांगितल्या होत्या,
त्यानं दोनशेच आणल्या.
मी भांडलो नाही.

नोंदणी अकरा.
हर्षल खैरनारची द्राक्षं कंटेनरला लागली.
त्यानं गाडी पाठवली, स्वतः आला नाही.
ताडपत्रीखाली, टाकी भरलेली,
ती टेम्पोतून उतरलीच नाही.
दोघं कोल्हापूरला गेले, तिकडे बक्षीस मोठं.
जाताना फोन करून सांगितलं, इतके सज्जन.
एकाच्या मेहुण्याची हळद.
पाथर्डी फाट्याचा बाळा आहिरराव आला,
हेल्मेट न घेता.
घरी शब्द देऊन आला होता, फक्त बघायचं.
प्रत्येक गाडी सुटली की
त्याची उजवी मूठ आपोआप पिळली जायची.

शेवटचा गट टू-स्ट्रोक, एकशे पस्तीस.
नाव एकच: प्रणिता गांगुर्डे.
अंबडला कॅमशाफ्ट तपासते,
रात्रपाळी करून थेट आलेली, डोळे लाल.
नियम पाचव्या पानावर आहे, मीच लिहिलेला:
प्रतिस्पर्धी नसला तरी पळायचं,
वेळ नोंदवायची, मगच ट्रॉफी.
तिनं विचारलं, कोणाशी?
मी डाव्या लेनकडे बोट केलं.

तिनं त्या रिकाम्या लेनकडे जरा वेळ पाहिलं.
मग टायर तापवला, शेजारी कोणी असावं तसा, चिडून.
धूर डावीकडेच गेला.
पिवळा.
पिवळा.
पिवळा,
आणि तिचा क्लच सुटला, सेकंदाच्या चार शतांश आधी.
हिरव्याच्या जागी लाल.

संगणकावर तौसिफ अत्तार होता.
त्यानं माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे.
साक्षीला बाळा, ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर,
आणि दोनशे खुर्च्या.
एक बटण दाबायचं होतं.
ती परत आली, हेल्मेट काढलं,
कपाळावर केस चिकटलेले.
म्हणाली, लिहा.
मी लिहिलं.
विजेता या रकान्यात काय लिहायचं
हे पाचव्या पानावर नाही.

चहा घेताना कोल्हापूरचा फोन आला.
किती जमले?
मी म्हटलं, चांगले जमले. तुमच्याकडे?
म्हणाले, चांगले.
दोघंही जरा थांबलो.
मागे त्यांच्याकडेही कोणीतरी
प्लॅस्टिकच्या खुर्च्या एकात एक घालत होतं,
तो आवाज ओळखू येतो.

मग तौसिफनं हाक मारली.
डाव्या लेनला तर हिरवा लागला होता,
तिचं घड्याळ तेव्हापासून चालूच.
कोणी रेघ ओलांडल्याशिवाय ते थांबत नाही.
सतरा मिनिटं, बेचाळीस सेकंद.
बंद करू का, त्यानं विचारलं.
प्रणिता हेल्मेटवर बसून बिस्कीट खात होती.
बाळा उठून रस्त्याच्या त्या टोकाकडे बघायला लागला.
मी म्हटलं, राहू दे,
आधी केबल गुंडाळ.